दोन लाइनी, एक पूल

"वाघमारे मॅडम, गुरुवारपर्यंत मला एक नाव सांगा," आण्णा म्हणाले. "दोन न्हाई. एक."

त्यांच्या टेबलावर दोन फायली होत्या. एक सरकारी टेलिफोन खात्याची, खाकी, दोरी बांधलेली. दुसरी एका खासगी कंपनीची, चकचकीत, वर काचेच्या धाग्यांतून उजेड फाकल्याचं चित्र. दोघंही आम्हाला फायबरवरून इंटरनेट द्यायला तयार होते. कुणाचं घ्यायचं ते मी सांगायचं होतं. कारण कंपनीचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटीच.

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. आमची कंपनी बियाण्यांची. जालन्याबाहेर अंबड रोडला एकाच कंपाउंडमध्ये ऑफिस, प्लांट आणि गोदाम. आण्णा मालक. मूळचे तीर्थपुरीकडचे. तरुणपणी सायकलवर ज्वारीच्या बियाण्याच्या पिशव्या लादून आठवडी बाजार करायचे. मी मंठ्याची, शिक्षकाची मुलगी. औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि इथं सिस्टिम ऑफिसर म्हणून लागले. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हर सांभाळण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

आदल्या वर्षी जूनमध्ये आमची लाइन तीन दिवस बंद पडली होती. तेव्हा ती तांब्याच्या तारेवर होती. इतर कुठल्या महिन्यात बंद पडली असती तर कुणी फार बोललं नसतं. पण कपाशीचं बियाणं विकायला वर्षात जेमतेम महिनाभर मिळतो. तेवढ्या दिवसांत चार राज्यांतल्या डेपोंच्या ऑर्डरी इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरवर येतात, त्यावरून माल पाठवायचं चलन निघतं, आणि मग ट्रक भरतो. लाइन गेली तसं आम्ही फोन आणि फॅक्सवर आलो. आदिलाबादचा ट्रक अकोल्याला गेला. शेतात ओल झाली की शेतकरी थांबत नाही, दुकानात जे पाकीट असेल ते घेतो. आमचं नव्हतं, म्हणून लोकांनी दुसऱ्यांचं घेतलं.

आण्णा तेव्हा मला रागावले नाहीत. फक्त विचारलं, "मॅडम, पुढच्या साली असंच झालं तर?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून या वेळी मी आधीच तयारी करून गेले होते. म्हटलं, "आण्णा, एक नाव सांगून भागायचं नाही. आपल्याला दोन लाइनी घ्याव्या लागतील. एक मेन, एक बॅकअप. एक गेली की दुसरी चालू."

"एका मोटरीला दोन स्टार्टर बसवतं का कुणी?"

"हंगामात मोटर बंद पडून चालणार नसेल तर बसवतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते विचार करत असले की असं करायचे. मग म्हणाले, "बरं. मंग ह्या दोघांच्या दोन्ही घ्या. झगडाच न्हाई."

मला वाटलं, काम झालं.

खासगी कंपनीचा माणूस कुलकर्णी नावाचा होता. पुण्याहून यायचा. आण्णांच्या जावयाचा वर्गमित्र, त्यामुळे त्याला चहाबरोबर चिवडाही मिळायचा. माणूस सभ्य, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यानं आम्हाला लॅपटॉपवर प्रेझेंटेशन दाखवलं.

त्यात 'लीज्ड लाइन' हा शब्द सारखा येत होता, तो इथं समजावून सांगते. साधं ब्रॉडबँड म्हणजे गल्लीचा नळ. सगळ्यांनी एकदम तोट्या उघडल्या की धार बारीक. लीज्ड लाइन म्हणजे टाकीपासून आपल्या घरापर्यंत आपली स्वतःची पाइपलाइन. पैसे जास्त, पण धार आपलीच. जालन्यात आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो. आण्णांनाही कळला.

कुलकर्णी म्हणाला, "सर, नाइंटी नाइन पर्सेंट अपटाइम. लिहून देतो."

अपटाइम म्हणजे लाइन चालू राहण्याचं प्रमाण. शंभरातले नव्व्याण्णव म्हटलं की ऐकणाऱ्याला पोट भरल्यासारखं वाटतं. मी वहीवर हिशोब केला. वर्षाचा एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. ते साडेतीन दिवस कधी येणार हे मात्र कुणी लिहून देत नाही.

मी विचारलं, "तुमची फायबर आमच्या गेटपर्यंत कुठून येणार?"

"अंडरग्राउंड आहे मॅडम. फुल्ली प्रोटेक्टेड."

"हो, पण कुठून?"

"रूट मॅप मला शेअर करता येत नाही. कंपनीची पॉलिसी."

मी सरकारी ऑफिसात जाऊन तोच प्रश्न विचारला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, नकाशा औरंगाबादला आहे. मागवावा लागेल." कधीपर्यंत येईल, यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मग मला जब्बारचाचा आठवले.

जब्बारचाचा टेलिफोन खात्याचे रिटायर्ड लाइनमन. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे फोन दुरुस्त करायला तेच यायचे. उंच, किडकिडीत, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. आता भावाच्या घड्याळाच्या दुकानात बसायचे. घड्याळाचं काम त्यांना येत नव्हतं, नुसते बसायचे. मी जाऊन सांगितलं, चाचा, एक्स्चेंजपासून आमच्या गेटपर्यंत केबल कुठून गेली ते मला बघायचं आहे.

त्यांनी विचारलं, "पैदल?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"तो पैदलीच. गाडी पर से जमीन नई दिखती, बेटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही एक्स्चेंजच्या फाटकाशी भेटलो. मे महिना, आठ वाजले की ऊन चटके देतं. चाचांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी. मी ऑफिसचा कॅमेरा आणि वही घेतली होती. चाचा चालता चालता काठीनं जमिनीवर टकटक करायचे आणि सांगायचे. इथं जॉइंट आहे. इथं पानटपरीखाली चेंबर आहे, टपरीवाला कबूल करणार नाही. इथं पाण्याची पाइपलाइन वरून गेली आहे. इथं केबल कमी खोल आहे, कारण खाली खडक लागला आणि ठेकेदार कंटाळला.

"हे सगळं तुमच्या लक्षात कसं राहतं?"

"लक्षात काय राह्यचं? मैंने डाली है ना." मग म्हणाले, "घरवाली बोलती थी, तुमको बच्चों के बर्थडे याद नई रहते, जॉइंट याद रहते."

मी त्यांच्या बोलण्याची टिपणं घेत होते. साताठ पानं भरली. एक गोष्ट सांगितली पाहिजे, मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं. ऑफिसात मी सतत कुणाला तरी समजावून सांगणारी. इथं मला कुणी समजावून सांगत होतं, आणि तेही इतक्या आवडीनं.

गावाबाहेर आल्यावर एक नाला लागतो. त्यावर जुना अरुंद पूल. चाचा थांबले. "नीचे उतरना पडेगा," म्हणाले. वेड्या बाभळींतून वाट काढत आम्ही खाली उतरलो. माझी ओढणी दोनदा काट्यात अडकली. पुलाच्या कडेला लोखंडी पाइप अडकवलेला होता. एका ठिकाणी तो गंजून फुटला होता आणि आतल्या केबली दिसत होत्या.

"ये काली हमारी," चाचा काठीनं दाखवत म्हणाले. "हमारी" म्हणजे खात्याची. रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती. "और ये नारंगी पट्टेवाली किसकी?"

मी फोटो काढले, मग जवळ जाऊन वाचलं. केबलच्या अंगावर दर मीटरला मालकाचं नाव छापलेलं असतं. नाव कुलकर्णीच्या कंपनीचं होतं.

"दोनों एकीच पाइप में सो रे," चाचा म्हणाले. "खोदने का परमिशन मुश्किल से मिलता. तो सब लोग इसी में घुसाते."

म्हणजे मी आण्णांना दोन लाइनी घ्यायला लावत होते, आणि त्या दोन्ही या एका गंजलेल्या पाइपातून येणार होत्या. पाइप तुटला की मेनही गेली आणि बॅकअपही गेली. आमच्या धंद्यात याला रूट डायव्हर्सिटी नसणं म्हणतात. साध्या भाषेत, दोन दारं आहेत पण दोन्हींकडे जायला पायरी एकच.

वर आलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या.

"रोड चौडा होनेवाला है," चाचा म्हणाले. "जेसीबी आएगा." आणि काठी पुलाकडे वळवली.

कुलकर्णीला मी फोन करून फोटोंबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? त्या पुलावर दुसरी जागाच नाही. मी वर विचारलं होतं. या वर्षी नवीन रूट होणार नाही म्हणाले." हे सांगितल्याबद्दल मला तो माणूस आवडायला लागला.

आता आण्णांकडे जायचं होतं. जावयाच्या मित्राला नाही म्हणा, असं मालकाला सांगणं सोपं नसतं. मी फोटो टेबलावर मांडले. आण्णांनी एकेक उचलून लांब धरून पाहिला.

"हे तुम्ही खाली उतरून काढले?"

"हो."

"साप असतेत तिथं." फोटो खाली ठेवला. "मंग करायचं काय?"

मी रात्रभर विचार करून एक नाव ठरवलं होतं. ते घ्यायला जीभ रेटत नव्हती. "आण्णा, दुसरी लाइन आपण संजू केबलवाल्याची घेऊ."

आण्णा मोठ्यानं हसले. बाहेरचा शिपाई डोकावून गेला. "सासवा-सुना दाखवणारा संजू? त्याच्या भरवशावर मी बियाणं इकू?"

संजूचं घर आमच्या मागच्या वस्तीत. अर्ध्या जालन्याला टीव्हीचं केबल त्याचंच. पण त्यानं दोन वर्षांपूर्वी तांब्याची केबल काढून फायबर टाकली होती, आणि एका इंटरनेट कंपनीची एजन्सी घेतली होती. ती कंपनी रेल्वेरुळाच्या कडेनं येणाऱ्या फायबरवरून त्याला इंटरनेट द्यायची. स्टेशनपासून त्याची स्वतःची फायबर खांबांवरून, शेतांच्या बांधांवरून, आमच्या कंपाउंडच्या मागच्या भिंतीपर्यंत यायची. दिसायला वेडीवाकडी. पण त्या पुलाशी तिचा काही संबंध नव्हता. चाचांना बरोबर घेऊन मी तीही चालून पाहिली होती. चाचांनी लोंबणाऱ्या तारांना नावं ठेवली, पण शेवटी म्हणाले, "गंदा काम है, मगर अलग काम है."

हे सगळं मी आण्णांना सांगितलं. ते उठले. "चला. मला बघू द्या."

संजूच्या घराच्या गच्चीवर चार-पाच डिश आणि त्यांच्या मधोमध त्याच्या आईनं वाळत घातलेल्या कुरडया. बाजूच्या खोलीत पंखे, वायरी, मशिनी. संजू तिशीतला, बनियनवर होता, आण्णांना पाहून पळत जाऊन शर्ट घालून आला. मी त्याला तांत्रिक प्रश्न विचारत होते. आण्णा कुरडया बघत उभे होते. मग एकदम वळून म्हणाले, "संजू, तार तुटली तर किती वेळात येतो तू?"

"आण्णा, कधी तुटली त्याच्यावर हाये."

"म्हंजे?"

"मॅच चालू असताना तुटली तर वीस मिन्टात. न्हाई तर लोक घरी येतेत. आईला बोलतेत."

त्याची आई मागून म्हणाली, "शिव्या देतेत हो. मागल्या फायनलला एक जण दगड घेऊन आल्ता."

खाली उतरून गाडीत बसल्यावर आण्णा म्हणाले, "घ्या ह्याची. ज्याच्या घरी लोक दगड घेऊन येतेत तो जल्दी काम करतो."

जावयाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. कुलकर्णीला मात्र आण्णांनी स्वतः फोन केला. "बेटा, तुझी कंपनी चांगली हाये. पूल सोडून दुसरी वाट काढ, मंग ये. चिवडा ठेवलेला हाये."

तर असं ठरलं. मेन लाइन सरकारी फायबरची, कारण तिचा प्रत्येक जॉइंट चाचांना माहीत होता. बॅकअप संजूची.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वादळ झालं आणि संजूची तार पडली. लिंबाची फांदी खांबावर आली होती. अकाउंट्सवाले मला विचारायला लागले, "मॅडम, तुमची बॅकअप लाइन बांधावर झोपली म्हणे?" मी हसले आणि संजूला फोन लावला. संजू मोपेडवर आला. मागे शिडी, पुढे स्प्लायसिंग मशिनची पेटी. फायबर म्हणजे केसासारखा काचेचा धागा. तो तुटला की गाठ मारता येत नाही, दोन टोकं वितळवून जोडावी लागतात, त्याला स्प्लायसिंग म्हणतात. शेतात, धुळीत, अंगावर चादर पांघरून तो ते करत होता. दोन तास लागले. जाताना म्हणाला, "मॅडम, आण्णांना वीस मिन्टं म्हणालो होतो. सॉरी सांगा." दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं स्वतःहून लिंबाजवळचा खांब बदलला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, आमची मेन लाइन गेली. फोनही गेले. गेटवरचा वॉचमन सांगत आला, पुलाजवळ जेसीबीनं पाइप ओढून काढला, केबली बाहेर लोंबू लागल्या.

मी सर्व्हर रूममध्ये गेले. एक वायर काढून दुसरी लावायची, दोन सेटिंग बदलायची, एवढंच काम. मी ते दहा वेळा करून पाहिलं होतं. चार मिनिटं स्क्रीनवर काहीच नाही. डिस्पॅचचे शिंदेकाका दारात उभे. गेल्या वर्षीचे तीन दिवस मीच नाही, त्यांनीही काढले होते. मग नांदेड डेपोची ऑर्डर आली. मागोमाग आदिलाबादची. शिंदेकाका वळले आणि गोदामाकडे जवळजवळ पळत गेले.

संजूच्या लाइनची धार बारीक होती. मी सगळ्यांचे ईमेल बंद केले, फक्त ऑर्डरी चालू ठेवल्या. मार्केटिंगवाले चिडले. त्यांना म्हटलं, चिडा. संजू दुपारी आपणहून येऊन सर्व्हर रूमच्या बाहेर स्टुलावर बसला. "इथंच हाये म्हणलं, लागलं तर." जेवणही त्यानं तिथंच केलं.

संध्याकाळी मी पुलाकडे गेले. खात्याची दोन माणसं नाल्यात उतरून तुटलेलं टोक शोधत होती. ते मातीखाली गेलं होतं. दोघंही नवीन, औरंगाबादहून बदलून आलेले. आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून जब्बारचाचा उभे होते. सकाळी बातमी ऐकली तेव्हापासून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"चाचा, तुम्ही दिवसभर इथं?"

"ये लोग उधर खोद रहे थे," त्यांनी काठीनं दहा फूट लांब दाखवलं. "मैं बोला, नई, इधर. मैंने डाली है."

त्या दोन माणसांपैकी एक वर बघून म्हणाला, "मॅडम, चाचा नसते तर आम्हाला उद्यापर्यंत टोकच सापडलं नसतं."

चाचांनी छत्री जरा वर धरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइन चालू झाली. तोवर दीड दिवस आमचं डिस्पॅच संजूच्या तारेवर चाललं. एकही ट्रक भलत्या गावाला गेला नाही. आण्णांनी चाचांना ऑफिसात बोलावलं. ते पायताण दाराबाहेर काढून आत आले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. बसायला तयार नव्हते, खुर्ची खराब होईल म्हणाले. आण्णा उठले, टेबलाला वळसा घालून आले, चाचांच्या खांद्याला धरून त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण समोरच्या खुर्चीत बसले. चहा आल्यावर चाचांनी ती काळी केबल कोणत्या साली टाकली ते सांगायला सुरुवात केली, आणि आण्णांनी तीन मीटिंगा पुढं ढकलल्या.

पुढच्या वर्षी कुलकर्णी नकाशा घेऊन आला. या वेळी पॉलिसीचं नाव काढलं नाही. त्याच्या कंपनीनं दुसऱ्या बाजूनं नवीन पाइप टाकला होता, आणि त्यासाठी त्यानं वरच्या साहेबांना मी पाठवलेले पुलाचे फोटो दाखवले होते. आम्ही त्याचीही लाइन घेतली.

मी आता दुसऱ्या कंपनीत आहे, हाताखाली सहा जण आहेत. इंटरनेट कुणाचं घ्यावं, असं लोक विचारतात. वेग किती, हे सगळ्यात शेवटी विचारा. ते प्रत्येक जण छान सांगतो. आधी वायर कुठून येते ते विचारा, आणि तुटल्यावर कोण येणार त्या माणसाचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही, तर फाईल कितीही चकचकीत असो, परत द्या.